न भांडणारं मेहूण

अमडापुरात कुणाच्या देव्हाऱ्यापुढे रोजच्यापेक्षा दोन दिवे जास्त लागायचे असले, की पहिलं आवतण पुंजाजीच्या घरी जायचं. एकट्या पुंजाजीला नाही. एकट्याला बोलावून काय करायचं? पुंजाजी आणि मनकर्णाबाई, दोघांना मिळून. कुळाचाराला, महालक्ष्म्यांना, श्रावणातल्या शुक्रवारी देवाच्या नावानं एक जोडपं पाटावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं, त्याला मेहूण म्हणतात. मेहूण तृप्त झालं की देव तृप्त झाला. आता देवाचं जेवण नेमक्या कुणाच्या पोटात घालावं हे काही पोथीत लिहिलेलं नाही, पण अमडापूरच्या बायकांनी ते फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

कारण एकच. हे जोडपं भांडत नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, लेक उजवून सासरी गेली, पण त्या घरातून मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. भांडं पडलं तर मांजरानं पाडलं असं लोक खुशाल समजत. अशा जोडप्याला जेवू घातलं की आपल्याही घरात शांती नांदते, असा बायकांचा विश्वास होता, आणि जेवून आलं की आपल्याला झोप छान लागते, असा पुंजाजीचा.

पुंजाजी अडीच एकराचा शेतकरी. उंच, काटकुळा, पोट पाठीला चिकटलेलं. खाल्लेलं जातं कुठे, हा गावाला पडलेला जुना प्रश्न होता. मेहूण म्हणून जायचं असलं की तो आदल्या दिवसापासून तयारीला लागे. रात्री अर्धीच भाकरी खाई. सकाळी धुतलेलं धोतर, कपाळाला अष्टगंध. मेहुणाचे नियम त्याला तोंडपाठ होते. पाटावर बसल्यावर वाढणाऱ्याला 'नको' म्हणायचं नाही. कुठल्याही पदार्थाला नाव ठेवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जेवण संपेस्तोवर पानावरून उठायचं नाही, घराला आग लागली तरी. एकदा शालिग्राम किराणावाल्याच्या घरी पुंजाजीच्या धोतरात विंचू शिरला होता. पुंजाजी उठला नाही. विंचूच कंटाळून निघून गेला.

जेवून परत येताना मनकर्णाबाई चार पावलं मागून चालायची. बाई मुळात कमी बोलणारी. वाटेत मारोतीच्या देवळापाशी आलं की ती एवढंच म्हणायची, "आज कढी गरम होती."

"हाव," पुंजाजी म्हणायचा.

आणि मनात म्हणायचा, कढी गरमच असते. त्यात सांगण्यासारखं काय? पुरणपोळीबद्दल बोलावं, फुलोऱ्याबद्दल बोलावं, कढीचं काय कौतुक! पण बायकोच्या बोलण्याला 'हाव' म्हणून मोकळं व्हावं हे त्याला लग्नानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं, आणि भांडण न होण्याचं सगळं रहस्य त्याच्या मते या 'हाव'मध्येच होतं. घरी तो आधी जेवायचा. जेवून बैलांना वैरण टाकली, अंगणात सुपारी कातरत बसला, की मग मनकर्णाबाई चुलीपाशी आपलं ताट वाढून घ्यायची. घरोघरी तसंच होतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना शहाऐंशी साली ग्रामपंचायतीत टीव्ही आला.

त्याला लाकडी कपाट होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली ग्रामसेवक लक्ष्मीकांतच्या जानव्याला बांधलेली होती. लक्ष्मीकांत बुलढाण्याच्या कारकुनाचा मुलगा, शुद्ध बोलणारा, घाबरट, पण मनानं चांगला. दर रविवारी सकाळी तो जानवं वर ओढून कपाट उघडायचा आणि सगळं गाव सतरंजीवर बसायचं, एका बाजूला गडी, एका बाजूला बाया. अँटेना उंच बांबूवर होती, तरी पडद्यावर चित्र कमी आणि मुंग्या जास्त दिसायच्या. त्या मुंग्यांतून जो माणूस दिसे तो कुणासारखाही दिसे.

रविवारच्या त्या मालिकेचं नाव होतं 'सात फेरे, एक खून'. खऱ्या घडलेल्या गोष्टी आहेत असं आधीच पाटीवर लिहून यायचं. दर आठवड्याला एक नवीन जोडपं आणि एक नवीन प्रेत. कधी कानपूरचा कापडवाला आणि त्याची बायको मिळून म्हाताऱ्या काकाला संपवत, कधी डाकबंगला चालवणारं जोडपं पाहुण्यांना दुधातून काहीतरी पाजत. आणि शेवटी काळ्या कोटातला एक माणूस येऊन बोट वर करून सांगायचा, "याद रखिए! पडोसियों ने इन दोनों की ऊँची आवाज कभी नहीं सुनी थी!"

पहिल्या रविवारी गाव नुसतंच घाबरलं. दुसऱ्या रविवारीही काळ्या कोटानं तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी ते पुंजाजीची शेजारीण गोजरबाई हिच्या डोक्यात घुसलं. गोजरबाईच्या आणि पुंजाजीच्या घरामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला गोजरबाईच्या उंचीवर एक भोक होतं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे आणि पोटात काही राहत नसे. नळावर घागर भरता भरता तिनं सिद्धान्त मांडला.

"आयका व बायाहो. जे भांडतात ते एकमेकाले मारतात, फार तं लाटणं फेकून. जे भांडत नाहीत ते दोघं मिळून तिसऱ्याले मारतात!"

बायकांच्या अंगावर काटा आला. आणि त्या दिवसापासून अमडापुरात भांडणांचं पीक आलं. आपल्यावर संशय नको म्हणून चांगली चांगली जोडपी दारं उघडी टाकून कडाकडा भांडू लागली. शालिग्राम किराणावाल्यानं आपल्या बायकोला एसटी स्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात 'अक्कलशून्य' म्हटलं, तिनं त्याच्या दिशेनं लाटणं उगारलं, आणि मग दोघांनी आत जाऊन दार लावून चहा घेतला. खुद्द लक्ष्मीकांत आणि त्याची बायको शरयू यांनीही पुस्तकी मराठीत एक छोटं भांडण करून घेतलं. "तुमचं हे वागणं मला मुळीच पसंत नाही," असं ती ओसरीत उभी राहून तीनदा म्हणाली.

एकट्या पुंजाजीच्या घरात शांतता होती. तो टीव्हीला जायचा, पण जाहिरात सुरू झाली की त्याचा डोळा लागायचा. काळा कोट त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

आणि नेमका त्याच श्रावणात जानराव नाहीसा झाला.

जानराव हा पुंजाजीचा चुलतभाऊ, बायको गेलेला, मागच्या घरात एकटा राहणारा. दोघांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती आणि तिच्या शेंगा कुणाच्या शेळीनं खायच्या यावरून दोघा भावांची वर्षानुवर्षं धुसफूस चालू होती. एका सोमवारी जानरावच्या दाराला कुलूप दिसलं. मंगळवारीही दिसलं. आठ दिवस झाले तरी दिसलं. मग गोजरबाईनं भिंतीच्या भोकातून पाहिलेलं एकेक बाहेर काढायला सुरुवात केली. रविवारी दुपारी जानराव पुंजाजीच्या घरी जेवला होता. मनकर्णाबाईनं त्याला कढी वाढली होती. दुसऱ्या दिवशी पुंजाजी घरामागं कमरेएवढा खड्डा खणत होता. आणि दिवेलागणीला नवराबायको दोघं मिळून एक जड पोतं उचलून नेत होते.

"न तोंडातून एक शब्द नाही बाप्पा!" गोजरबाई म्हणाली. "दुसरं कोनी असतं तं म्हनलं असतं, नीट धर, पाय कुठं ठेवतेस. हे दोघं मुक्यानं पोतं नेऊन राह्यले होते!"

आता पोत्यात सरकी होती. खड्डा तर सांडपाण्याचा शोषखड्डा होता, आणि तो लक्ष्मीकांतनंच सरकारी योजनेत खणायला लावला होता. पण चौथ्या भागातल्या जोडप्यानं प्रेत सरकारी परवानगीच्या खड्ड्यातच पुरलं होतं, त्यामुळे लक्ष्मीकांतचंही मन डळमळलं. पोलिसांत जावं असं दोघातिघांनी सुचवलं. पण पोलिसांत जायचं तर पुरावा पाहिजे, आणि पुरावा कसा गोळा करायचा ते पुढच्या एखाद्या भागात दाखवणार होते. गावानं थांबायचं ठरवलं.

तोवर खबरदारी म्हणून पुंजाजीकडची आवतणं बंद झाली. खुन्यांना देवाच्या नावानं कोण जेवू घालील?

पहिला शुक्रवार कोरडा गेला तेव्हा पुंजाजीला वाटलं, विसरले असतील. दुसरा गेला तेव्हा त्यानं शालिग्रामच्या दुकानात जाऊन मुद्दाम गूळ कसा काय चालला आहे याची चौकशी केली. शालिग्रामनं गूळ दिला आणि नजर वर केली नाही. पोळा झाला, गणपती बसले. पुंजाजी धुतलेलं धोतर घालून ओट्यावर बसायचा आणि संध्याकाळी तसंच घडी करून ठेवायचा. उपासमार होत नव्हती, घरी भाकरी होतीच. पण ज्या माणसाची गावात एकच किंमत आहे, तीच गेली तर त्यानं करायचं काय? आणि आता किसनराव पाटलाच्या घरच्या महालक्ष्म्या आल्या होत्या. सोळा भाज्या, फुलोरा, आंबील, पुरण, कढी. एकतीस वर्षांत त्या पाटांवर दुसरं जोडपं बसलं नव्हतं. हे आवतण चुकलं तर सगळंच संपलं.

शेवटी तो लक्ष्मीकांतकडे गेला. लक्ष्मीकांतनं आधी खिडकी लावली, मग दार उघडं ठेवलं, मग पुन्हा खिडकी उघडली.

"पुंजाजीभाऊ, रागावू नका," तो म्हणाला. "लोकांचं असं म्हणणं आहे की, तुम्ही आणि वहिनींनी मिळून जानरावांना... म्हणजे, ते आता नाहीत, असं लोकांचं म्हणणं आहे."

पुंजाजीला ते कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तो खालीच बसला.

"अन् काऊन मारलं आमी त्याले?"

"कारण तुम्ही भांडत नाही."

"जानरावसंग?"

"एकमेकांशी! तुमचं भांडण होत नाही, हीच मोठी अडचण आहे. माझं ऐका. एकदा चारचौघांत कडकडून भांडा. गावाची खात्री पटेल. पाटीलवाड्यावरचं आवतणही येईल."

पुंजाजी घरी निघाला, पण वाटेत त्याच्या डोक्यात एक भलताच किडा वळवळू लागला. गाव म्हणतं दोघांनी मिळून मारलं. आपण तर मारलं नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग उरलं कोण? जानराव तिच्या हातची कढी पिऊन गेला आणि दिसेनासा झाला, हे तर खरंच होतं. एकतीस वर्षांत ही बाई काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, कुणाला ठाऊक?

त्या दिवशी मनकर्णाबाईनं कढी वाढली तेव्हा पुंजाजीनं वाटी नाकाजवळ नेली आणि परत खाली ठेवली.

"जीव बरा नाही काय?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला, आणि कोरडी भाकरी चावत बसला. जानरावचं काय झालं, हे तिला विचारायची त्याची छाती झाली नाही. न जाणो, सांगितलंच तर?

पण पाटलाचं पुरण डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "आयकलं काय व? आपल्याले भांडा लागते."

"कायवरून?"

"काहीबी चालते. तू म्हन न काहीतरी."

मनकर्णाबाईनं विचार केला. "मले तं काही सुचत नाही. तुमीच सांगा, मी काय चुकली."

पुंजाजीनं खूप डोकं खाजवलं. "परवा भाकर जळाली होती."

"हाव, जळाली होती. मीच खाल्ली ते."

तिथं भांडण खुंटलं. मग दोघं निमूटपणे मुगाच्या शेंगा तोडायला शेतात गेले.

रविवार आला. महालक्ष्म्यांना दोन दिवस राहिले होते. पुंजाजी मनकर्णाबाईला सोबत घेऊन टीव्हीला गेला, तेव्हा सतरंजीवरची माणसं इतकी सरकली की दोघांना चार घरच्या माणसांची जागा मिळाली. सातवा भाग सुरू झाला. पडद्यावरच्या मुंग्यांतून एक उंच काटकुळा माणूस आणि एक मुकी बाई एक पोतं उचलून नेताना दिसली, आणि सगळ्या गावानं एकदम मान वळवून पुंजाजीकडे पाहिलं. काळा कोट आला. त्यानं बोट वर केलं. तेवढ्यात वीज गेली.

अंधारलेल्या पडद्यापुढं तीनशे माणसं बसून राहिली. लक्ष्मीकांतनं पुंजाजीकडे पाहून भुवया उडवल्या. पुंजाजी उठला.

"परवा भाकर जळाली होती!" तो ओरडला.

"हाव," मनकर्णाबाई बसल्या जागी म्हणाली. "जळाली होती."

"पाह्यलं?" गोजरबाई कुजबुजली, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "अठीबी एकमत!"

"तू... तू दूध उतू घालवतेस!"

"एकडाव गेलतं."

"कोंबडी हाकलली नाही तू!"

"नाही हाकलली."

बायकांनी लेकरं जवळ ओढून घेतली. पुंजाजीला घाम फुटला. पाटलाचे पाट, सोळा भाज्या, एकतीस वर्षांचा मान, सगळं त्या एका 'हाव'मध्ये वाहून चाललं होतं. आणि मग त्याला खरोखरच राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

"अवो, काहीतरी बोल न तू!" तो किंचाळला. "एकतीस वर्सं झाली, तू काही बोलतच नाहीस! मानसाले कसं कळन तुह्या मनात काय हाय ते?"

मनकर्णाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग ती उठून उभी राहिली.

"बोलू?" ती म्हणाली. "बोलतेच मंग. एकतीस वर्सं झाली, रोज मी कढी करते. रोज तुमी म्हनता, झ्याक झाली. कशी झ्याक होते ते मले मालूम नाही! तुमी जेवता, ढेकर देता, बैलाले वैरन टाकता, सुपारी कातरता. मंग मी बसते. तवरोक चूल इझते, कढीवर साय येते, भाकरीचं कातडं होते. पुन्हा गरम करावं तं सासूबाई म्हनत, एका जिवासाठी काडी काऊन जाळतेस? सासूबाई गेल्या. पन ते काडी काही माह्या हातानं जळली नाही!"

ती पुंजाजीकडे वळली.

"लोकाइच्या घरी मेहूण म्हून नेता, तुमाले वाटते मी देवासाठी येते. मी कढीसाठी येते! वाफ निघते तिच्यातून. कोनीतरी दुसरं वाढते. बाजूच्या पाटावर तुमी असता. म्हून येते. न घरी येता येता दरवक्ती तुमाले सांगते, आज कढी गरम होती. एकतीस वर्सं सांगून राह्यली. अन् तुमी म्हनता, हाव!"

एवढं बोलून ती खाली बसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. पुंजाजी उभाच होता. त्याच्या तोंडातून नेहमीचा तो शब्द बाहेर येऊ पाहत होता, पण आता तो म्हणायची सोय राहिली नव्हती.

"भांडले व माय!" गोजरबाईनं आनंदानं टाळी वाजवली. "खरंखुरं भांडले!" आणि सगळ्या गावानं सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी शिट्टीही वाजवली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय लावलं बे हे? टीव्ही बंद हाय न तुमी यायले पाहून राह्यले?"

दारात जानराव उभा होता. खांद्याला पिशवी, अंगात नवा सदरा, तब्येतीनं चांगला सुधारलेला. दोन बाया किंचाळल्या. लक्ष्मीकांतनं जानवं घट्ट धरलं.

"वरवट बकालले गेलतो लेकीकडं," जानराव म्हणाला. "नातू झाला. असे काय पाहून राह्यले? मी काही पळून नव्हतो गेलो. त्या दिवशी जेवलो तवाच वहिनीले सांगतलं, म्हटलं, महिनाभर येत नाही."

सगळ्यांच्या माना मनकर्णाबाईकडे वळल्या.

"हाव," ती म्हणाली. "सांगून गेलते."

"अवो, मंग सांगतलं काऊन नाही?" गोजरबाई ओरडली.

"कोनी इचारलं?" मनकर्णाबाई म्हणाली.

आणि खरंच, तीनशे माणसांच्या गावात ते कुणी तिला विचारलं नव्हतं. पुंजाजीनंसुद्धा नाही. वीज परत आली तेव्हा काळा कोट बोट खाली घेत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

निर्दोष सुटलेला माणूस मिशीला पीळ देतो. पुंजाजी मान खाली घालून घरी आला. त्या दिवसापासून गावात वेगळीच भांडणं सुरू झाली. आधीची खोटी होती, ही खरी निघाली. गोजरबाईनंच आपल्या नवऱ्याला, रंगरावला, कढईसमोर उभं करून विचारलं की लग्नाच्या तिसाव्या वर्षी तरी आपण गरम खायचं की नाही. रंगरावाची बाजू भिंतीच्या भोकातून ऐकू आली नाही, कारण त्याला बाजू नव्हती.

पुंजाजी आवतणाची वाट पाहत ओट्यावर बसला. महालक्ष्म्यांचा आदला दिवस उजाडला, मावळतीला आला. दरवर्षी या वेळेला पाटलीण आशाबाई कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन दारात यायच्या. या वर्षी गोजरबाई आली.

"आशाबाईनं निरोप देला," ती जरा शरमून म्हणाली. "म्हनल्या, खून केला नाही ते बेस झालं. पन तीनशे मानसात भांडलेलं जोडपं महालक्ष्म्याइपुढं कसं बसवावं? शालिग्राम न त्याची बायको बसून राह्यले उद्या."

"अन् ते नाही भांडले?"

"ते खोटं भांडले होते न बाप्पा."

झालं. भांडले नाहीत म्हणून मान गेला, आणि भांडले म्हणूनही गेला. पुंजाजीला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला पुरणपोळीची आठवण येऊन रडू येईल. रडू आलं, पण ते पोळीसाठी नव्हतं. उद्या शालिग्रामच्या बायकोच्या पानात कढी वाढली जाईल, आणि मनकर्णा इथं साय आलेली कढी घेऊन बसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. आपण तिच्यावर खुनाचा संशय घेतला आणि तिनं आपल्याला विचारलं, जीव बरा नाही काय. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून गोठ्यात गेला आणि बैलापाशी थोडा वेळ उभा राहिला. बैलानं काही सल्ला दिला नाही.

मग त्यानं हातपाय धुतले. धुतलेलं धोतर नेसला. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेतला, मूठभर तांदळाला कुंकू लावून अक्षता केल्या, आणि घराबाहेर जाऊन आपल्याच दाराची कडी वाजवली.

मनकर्णाबाई हात पुसत दारात आली आणि पाहतच राहिली.

"उद्या दुपारी आमच्या घरी जेवाले या," पुंजाजी खाली पाहत म्हणाला आणि करंडा पुढे केला. "जोडीनं."

"कोनाच्या घरी?"

"पुंजाजीच्या."

"सैपाक कोन करन?"

"पुंजाजी."

मनकर्णाबाईनं करंड्यात बोट बुडवलं आणि आपल्या हातानं कुंकू लावलं. "जोडीनं म्हनता, तं घरच्या मानसाले इचारा लागन," ती म्हणाली.

"ते येतात. त्यायले मी इचारलं."

"मंग येतो आमी," ती म्हणाली, आणि तिनं अक्षता पदरात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पुंजाजीच्या घरातून इतका धूर निघाला की गोजरबाई दोनदा भोकापाशी आली. दोन पाट मांडले होते, भोवती वाकडी का होईना रांगोळी होती. सोळा भाज्या नव्हत्या, एकच होती, भेंडीची, आणि तिची तार चुलीपासून पाटापर्यंत येत होती. भाकरी बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती, घाटाखालच्या तालुक्यांपाशी तुटलेली. आणि कढी. ती न ढवळता उकळू दिल्यामुळे फाटली होती, पाणी एकीकडे आणि बेसन एकीकडे. पण पुंजाजीनं तिच्याखालची चूल विझू दिली नव्हती. अख्खी सकाळ तो काड्या सारत बसला होता.

दोघं शेजारी शेजारी बसली. पुंजाजीनं बसण्याआधीच सगळं वाढून घेतलं होतं, कारण नियम नियम आहे. मनकर्णाबाईनं वाटी उचलली. वाफेनं तिचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. तिनं एक घोट घेतला, मग दुसरा.

"कशी झाली?" पुंजाजीनं विचारलं.

"फाटली," मनकर्णाबाई म्हणाली. मेहुणानं पदार्थाला नाव ठेवायचं नसतं, पण तिनं ठेवलं. "मीठ जास्त हाय. हळद कच्ची हाय." तिनं वाटी रिकामी केली आणि पानाशेजारी ठेवली. "पन गरम हाय."

पुंजाजी 'हाव' म्हणाला नाही. रिकामी वाटी त्याला दिसली होती. विंचवानंही जो उठला नव्हता, तो माणूस अर्ध्या जेवणातून पानावरून उठला, आणि कढीचं भांडं आणायला चुलीकडे गेला.